देग, तेग आणि तवा

इतिहास म्हटला की डोळ्यांपुढे तलवार येते. शाळेच्या पुस्तकांत लढाया, तह आणि सनावळ्या असतात. आम्ही शिक्षक त्या शिकवतो, मुले त्या पाठ करतात. आपल्या समाजात तर इतिहासाचा अभिमान म्हणजे बहुधा तेगेचा, म्हणजे तलवारीचाच अभिमान असतो. तेगेच्या जोडीला फार तर देग येते. ‘देग-तेग’ ही फारसी शब्दांची जोडी जुनी आहे. १७०८ मध्ये नांदेडहून पंजाबात गेलेल्या बंदा सिंग बहादूर यांच्या फारसी मोहरेवर ती कोरलेली होती. देग म्हणजे भुकेल्याला अन्न आणि तेग म्हणजे दुबळ्याला आधार, असा तिचा अर्थ लावला जातो. अर्थ सुंदर आहे, यात शंका नाही.

परंतु या जोडीत तव्याला जागा नाही. देग उरुसाला, लग्नाला, मुहर्रमच्या खिचड्याला चुलीवर चढते आणि ती चढवणारे हात बहुतेक पुरुषांचे असतात. तवा मात्र वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस चुलीवर असतो आणि त्याच्यापुढे बाई बसलेली असते. देगेच्या कहाण्या सांगितल्या जातात, तेगेचे पोवाडे होतात. तव्याचा इतिहास कोणी लिहीत नाही. तव्याचे लोखंड आणि तेगेचे लोखंड मात्र एकच आहे. म्हणून या लेखात आम्ही लोखंडाच्या, त्यातही बिडाच्या भांड्यांचा हिशेब मांडणार आहोत. त्यांचे गुण कोणते, दोष कोणते, आणि त्या गुणदोषांचे ओझे आजवर कोणी वाहिले, हा या लेखाचा विषय आहे.

बीड म्हणजे काय?

आधी शब्द नीट समजून घेऊ. बीड म्हणजे ओतीव लोखंड. बीड शहराशी त्याचा संबंध नाही. बिदरच्या प्रसिद्ध बिदरी कामाचीही त्याच्याशी गल्लत करू नये. बिदरी वस्तू जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात. लोखंडाचे ढोबळ मानाने तीन प्रकार. घडीव लोखंडात कार्बन अगदी नगण्य असतो. पोलादात तो शेकडा २ च्या आत असतो. बिडात तो साधारणपणे शेकडा २ ते ४ इतका असतो. एवढ्याशा फरकाने सारा स्वभाव बदलतो. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते. बीड ११५० ते १२०० अंशांच्या आसपास वितळून पाण्यासारखे वाहू लागते. म्हणून ते साच्यात ओतता येते. परंतु तोच कार्बन बिडाला ठिसूळ करतो. घडीव तवा हातातून पडला तर फार तर पोचतो, बिडाचा तवा पडला तर त्याचे दोन तुकडे होतात.

बीड ओतण्याची विद्या प्रथम चीनमध्ये वाढली. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास तेथे बिडाच्या वस्तू ओतल्या जात होत्या. इसवी सनापूर्वी ११७ मध्ये हान राजवटीने मीठ आणि लोखंड या दोन्ही वस्तूंचा व्यवहार सरकारच्या ताब्यात घेतला. मीठ आणि लोखंड एकत्र का, असा प्रश्न पडेल. दोन्हींवाचून गरिबाचे घर चालत नव्हते आणि म्हणूनच दोन्हींवर सरकारचा डोळा होता, असे त्याचे साधे उत्तर आहे.

युरोपात बिडाचे भांडे सर्वसामान्यांच्या चुलीवर आणण्याचे श्रेय बहुधा अब्राहम डार्बी या इंग्रजाला दिले जाते. तो मूळचा पितळेच्या धंद्यातला. पितळेची भांडी गरिबांना परवडत नाहीत, बिडाची परवडतील, हे त्याने हेरले. १७०७ मध्ये त्याने वाळूच्या साच्यात पोटाची बिडाची भांडी ओतण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि १७०९ मध्ये कोलब्रुकडेल येथे लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळून दाखवले. औद्योगिक क्रांतीच्या इतिहासात या घटनेला मोठे स्थान आहे. रेल्वे आणि पूल पुढे आले. सुरुवात स्वस्त हंडीने झाली, हे मात्र क्वचित सांगितले जाते. बीड हे जन्मतःच गरिबाच्या चुलीसाठी आलेले भांडे आहे, एवढे वाचकांनी लक्षात ठेवावे. लेखाच्या शेवटी त्याचे काम पडेल.

आपल्या मुलखातले लोखंड

आपल्याकडची वाट वेगळी होती. हिंदुस्थानातल्या जुन्या भट्ट्यांत लोखंड वितळून वाहावे असा बेत नसे. लाकडी कोळसा आणि लोहखनिज मातीच्या भट्टीत घालायचे, भात्याने वारा द्यायचा, आणि शेवटी स्पंजासारखा जो गोळा हाती येईल तो घणाने ठोकून त्यातली मळी काढायची, अशी ती रीत. दिल्लीच्या मेहरौलीतला लोहस्तंभ अशाच घडीव लोखंडाचा आहे. त्याची उंची सात मीटरहून अधिक आणि वजन सहा टनांहून जास्त. सोळाशे वर्षांच्या आसपास तो उन्हापावसात उभा आहे.

दख्खनचे पोलाद तर जगप्रसिद्ध होते. अरबीत हिंदी पोलादाच्या तलवारीला ‘मुहन्नद’ म्हणत, आणि पुढे हा शब्द उत्तम तलवारीचेच नाव झाला. नवव्या शतकातले तत्त्ववेत्ते अल्-किंदी यांनी तलवारींवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. आज तेलंगणात असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम या गावी हे पोलाद बनत असे. १८२० च्या सुमारास डॉ. व्हॉयसी हा इंग्रज तेथे गेला, तेव्हा इराणचे व्यापारी पोलाद खरेदीसाठी तेथे येत असल्याचे त्याने नोंदवले आहे. दमास्कसच्या म्हणून ज्या तलवारींचे गोडवे गायले गेले, त्यांतल्या कित्येकींचे पोलाद असे हिंदुस्थानातून गेलेले होते.

हे सारे आम्ही अभिमानाने सांगतो आणि तेथेच थांबतो. याच मुलखात लोहार तवेही घडवत होता, हे सांगायचे राहून जाते. महाराष्ट्रात घिसाडी बैलगाडीवर संसार टाकून गावोगाव फिरत. नवरा ऐरणीवर तापलेले लोखंड धरी आणि बायको घण मारी. विळी, खुरपे, चिमटा, उलथने आणि तवा ही त्यांची नित्याची कामे. आपल्यातले शिकलगार मूळचे तलवारींना धार आणि झिलई देणारे. त्यांचे नावच अरबीतल्या ‘सैकल’ म्हणजे चकाकी या शब्दावरून पडले. तलवारी गेल्या, तेव्हा त्यांच्या हाती घरातल्या सुऱ्या-कात्र्या आल्या. शेवटी तेगेलाही स्वयंपाकघराचाच आश्रय घ्यावा लागला, असे म्हणायला हरकत नाही.

म्हणजे आपल्या आजी-पणजींचा जुना तवा घडीव लोखंडाचा होता. बिडाचा तवा, बिडाची कढई ही मोठ्या प्रमाणावर आली ती कारखान्यांबरोबर. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या बिडाच्या नांगराला शेतकरी आधी हात लावीत नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होईल अशी त्यांना भीती होती. १९११ च्या डिसेंबरात जमशेदपूरला टाटांच्या भट्टीतून पहिले कच्चे लोखंड बाहेर पडले. पुढे कोल्हापूर आणि बेळगाव भागात ओतकामाचा धंदा फोफावला. ज्या भट्टीत यंत्राचे सुटे भाग ओतायचे, तेथे तवा ओतणे कठीण नव्हते. कोकणात तर बिडाच्या तव्याने घावण्यांवर असा हक्क मिळवला की दुसऱ्या तव्यावरचे घावन जाणत्या बायकांना आजही पटत नाही.

तांबे कोणाचे, लोखंड कोणाचे?

तांबे मुसलमानांचे आणि पितळ हिंदूंचे, असे एक विधान आपल्याकडे सर्रास ऐकू येते. त्यात थोडे तथ्य आहे. आपल्या घरांत तांब्याची कल्हई केलेली देगची, लगन, पतेला असे, आणि लेकीच्या जहेजमध्ये ती भांडी देण्याची रीत होती. परंतु या निवडीमागे धर्माचा काय संबंध आहे, हे तपासून पाहिले पाहिजे.

बगदादचे मुहम्मद बिन हसन अल्-बगदादी यांनी १२२६ मध्ये अरबीत पाककलेचे एक पुस्तक लिहिले. स्वयंपाकासाठी त्यांची पहिली पसंती दगडाच्या भांड्याला आहे, दुसरी मातीच्या. कल्हईचे तांबे ते अगदी नाइलाज झाला तरच वापरा म्हणतात, आणि कल्हई उडालेल्या तांब्यात शिजवलेल्या अन्नाइतके वाईट काही नाही असे बजावतात. अबुल फज्ल यांच्या आईन-ए-अकबरीत शाही मुदपाकखान्याचा तपशील आहे. बादशहाची तांब्याची भांडी महिन्यातून दोनदा कल्हई होत, शहजाद्यांची एकदा. अर्थ स्पष्ट आहे. तांब्याला मुसलमानी म्हणून मान नव्हता. ते उष्णता झपाट्याने पसरवते म्हणून मान होता, आणि त्याच्या विषारीपणाची सर्वांना धास्ती होती. तांब्याची उष्णतावाहकता बिडाच्या सात-आठ पट असते. शंभर माणसांचे बिर्याण दम देताना हा गुण कामी येतो.

मग तवा तांब्याचा का झाला नाही? याचे उत्तर कल्हईतच आहे. कल्हई म्हणजे कथील, आणि कथील अवघ्या २३२ अंशांवर वितळते. देगेत पाणी, तेल, मांस असते; रस्सा उकळताना उष्णता १०० अंशांच्या आसपास राहते. तवा मात्र कोरडा तापतो. कोऱ्या आचेवर कल्हई तव्याला सोडून भाकरीला लागेल. म्हणून सुलतानाच्या मुदपाकखान्यापासून शेतमजुराच्या झोपडीपर्यंत, मशिदीच्या गल्लीपासून देवळाच्या आळीपर्यंत, धातूचा तवा म्हटला की तो लोखंडाचाच राहिला. शीख पंथात तर निहंग मंडळी आजही अन्न लोखंडी भांड्यांतच शिजवतात आणि त्याला ‘सर्बलोह’ म्हणून पवित्र मानतात. आपल्या वेगळेपणाच्या गोष्टी देगेपाशी सांगता येतील, तव्यापाशी त्या टिकत नाहीत.

शब्दही हेच सांगतात. कढई संस्कृत ‘कटाह’वरून आली. तव्याचे नाते फारसी ‘ताबा’शी सांगितले जाते. देगची फारसी, कल्हई अरबी. मराठी बाई ‘कढईला कल्हई कर’ असे म्हणते, तेव्हा दोन्ही भाषा एका वाक्यात नांदत असतात. शक्ती कमी झालेल्या रोग्याला हकीम ‘कुश्ता फौलाद’ देत आणि वैद्य लोहभस्म. औषध तेच, पुडी वेगळी.

गुण

कुरआन शरीफातील ५७ व्या सूरहचे नावच ‘अल्-हदीद’, म्हणजे लोखंड. लोखंडात प्रखर बळ आहे आणि माणसांसाठी अनेक फायदे आहेत, असा त्यात उल्लेख येतो. बळाची चर्चा आपण पुष्कळ केली. आता फायद्यांकडे, आणि अर्थात तोट्यांकडेही, वळू.

बिडाचा पहिला गुण असा की ते उशिरा तापते आणि उशिरा निवते. एकदा तापलेल्या जाड बिडावर थंड पीठ ओतले तरी तव्याची उष्णता एकदम उतरत नाही. घावन, आंबोळी, डोसा, मासळी यांना जी जाळी आणि जो खरपूसपणा येतो तो यामुळे. दुसरा गुण टिकाऊपणाचा. नीट राखलेले भांडे दोन-तीन पिढ्या चालते, त्याला कल्हईवाला लागत नाही. तिसरा गुण म्हणजे त्याचे अंगचे तेलकट कवच. नवा तवा घासून, तेल चोळून पुन्हा पुन्हा तापवला की तेलाचे रूपांतर एका कठीण, काळ्या पापुद्र्यात होते. मग पदार्थ चिकटत नाही आणि गंजही धरत नाही. जाणत्या बायका कांदा अर्धा कापून तेलात बुडवून तव्यावर फिरवतात. ही बाजारातून विकत मिळणारी गोष्ट नव्हे, ती वापराने येते.

चौथा गुण आरोग्याचा, आणि त्याचीच चर्चा आज सर्वांत जास्त होते. लोखंडी भांड्यातले लोह अन्नात उतरते. १९८६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वीस पदार्थ लोखंडी भांड्यात शिजवून पाहिले गेले. सफरचंदाच्या आंबट गरात १०० ग्रॅममागे ०.३५ मिलिग्रॅम लोह होते, ते ७.३८ मिलिग्रॅमवर गेले. पदार्थ जितका आंबट, जितका पातळ आणि जितका वेळ शिजलेला, तितके लोह जास्त उतरते. कोरड्या भाकरीत फारसे उतरत नाही, डाळीत किंवा टोमॅटोच्या रश्श्यात उतरते.

अन्नात उतरलेले लोह अंगी लागते का? इथिओपियात सुमारे ४०० लहान मुलांवर झालेला एक प्रयोग १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. काही घरांना लोखंडी भांडी दिली, काहींना ॲल्युमिनियमची. बारा महिन्यांनी लोखंडी भांड्यातले अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन सरासरी १.७ ग्रॅमने वाढले होते, इतरांचे ०.४ ग्रॅमने. फरक लहान नाही.

दोष

गुण सांगून थांबणे हा खरा इतिहास नव्हे. पहिला दोष वजनाचा. सारख्याच आकाराचे आणि जाडीचे भांडे घेतले तर बीड ॲल्युमिनियमच्या अडीच पटींहून अधिक जड भरते. ओतीव भांडे पातळ ठेवता येत नाही म्हणून प्रत्यक्षात फरक याहूनही मोठा असतो. भरलेली कढई चुलीवरून उतरवायची, धुवायची, पुसायची, तेल लावून ठेवायची. दुसरा दोष गंजाचा. ओले राहिले की सकाळी तांबूस थर दिसतो. तिसरा दोष आंबटाचा. ज्या आंबटपणाने लोह उतरते त्यानेच कवचही उतरते आणि पदार्थ काळा पडतो, त्याला धातूची चव येते. कोकमाचे सार किंवा चिंचेची आमटी बिडाच्या कढईत तासन्‌तास ठेवू नये, हे आपल्या घरात कोणी न शिकवताच सर्वांना माहीत असते. केळफूल किंवा वांगे तर बघता बघता काळे पडते. चौथा दोष ठिसूळपणाचा, तो वर आलाच आहे. तापलेल्या बिडावर थंड पाणी ओतले तर ते तडकू शकते.

आरोग्याचीही दुसरी बाजू आहे. दक्षिण आफ्रिकेत लोखंडी पिंपांत आणि भांड्यांत आंबवलेली घरगुती बिअर पिणाऱ्यांच्या यकृतात लोह साचून आजार होत असे. पुढे संशोधकांनी त्याला आनुवंशिक कारणाचीही जोड दिली. थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या शरीरात आधीच लोह साचत असते, त्यांनी लोखंडी भांड्यातले अन्न टाळावे हे उत्तम. आणि जेवणाबरोबर चहा घेण्याची जी सवय आपल्या घरांत आहे, ती असलेल्या लोहाचे शोषणही कमी करते. उलट लिंबाची एक फोड ते वाढवते. कढई हे औषध नाही. ती आहाराला हातभार लावते, इतकेच.

सर्वांत बोलका अनुभव मलावीचा आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील कुटुंबांना बिडाची भांडी देऊन ती त्यांना कशी वाटतात हे विचारले होते. हाती आली तेव्हा भांडी आवडली. काही आठवडे वापरल्यावर पसंती उतरली. कारणे दोनच ठळक होती, वजन आणि गंज. ही तक्रार ज्यांनी केली त्या भांडी उचलणाऱ्या आणि घासणाऱ्या बायका होत्या. डॉक्टरांच्या तक्त्यात हिमोग्लोबिनचा रकाना असतो, मनगटाचा नसतो.

जे आले आणि जे गेले

मग लोखंड आपल्या घरांतून कसे गेले? १८९८ मध्ये मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी बनवण्याचा उपक्रम सुरू केला. हलके, स्वस्त, न गंजणारे हे भांडे पुढे खेड्यापाड्यांत पोहोचले. आपल्याकडे त्याला ‘जर्मन’ किंवा ‘जर्मल’ हे नाव पडले. स्टेनलेस स्टील १९१३ च्या सुमारास शेफील्डला सापडले आणि स्वातंत्र्यानंतर ते आपल्या मध्यमवर्गाची शान बनले. १९३८ मध्ये योगायोगाने हाती लागलेले टेफ्लॉन १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये तव्यावर चढले आणि नॉनस्टिक जन्माला आले. ते २६० अंशांपलीकडे तापले तर बिघडू लागते, म्हणजे कोऱ्या तव्याची जुनी अडचण तेथेही सुटली नाही.

या बदलाला सरसकट ऱ्हास म्हणणे आम्हांला मान्य नाही. त्याचे मोठे उदाहरण पुण्याचे आहे. एके काळी आपल्या देशात तान्ह्या मुलांना यकृताचा एक जीवघेणा आजार होत असे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या दशकात त्याचा माग काढला. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेल्या दुधातून बाळाच्या पोटात तांबे जाते, असे त्यांच्या ध्यानात आले. अशी भांडी मागे पडली आणि तो आजारही जवळजवळ नाहीसा झाला. बगदादच्या लेखकाने १२२६ मध्ये दिलेला इशारा सातशे वर्षांनी पुण्यात खरा ठरला. जुने ते सारे सोने, असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

कल्हईवालाही त्याबरोबर गेला. गल्लीत खड्डा खणून भाता लावायचा, नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचे. धुराचा एक पांढरा लोट उठे आणि काळे भांडे चांदीसारखे होई. या धंद्यात आपल्या समाजाची कित्येक घरे होती. लहान मुले भाता ओढत. त्या मुलांपैकी काही शाळेत आली असतील तर आम्हांला त्या धुराची हळहळ वाटत नाही.

शेवटी प्रश्न रक्ताचा

आज या विषयाला पुन्हा महत्त्व आले आहे ते निराळ्या कारणाने. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील देशातल्या शेकडा ५७ स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण शेकडा ५३ होते. १५ ते १९ वर्षांच्या मुलींत तर ते ५४ वरून ५९ वर गेले. २०१३ पासून देशभर शाळांतून आठवड्याला लोहाची निळी गोळी देण्याची योजना आली. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो आणि ही गोळी वाटतो. कोणी मळमळते म्हणून ती लपवते, कोणी रोजा आहे म्हणून घरी नेते. सातवी-आठवीच्या वर्गात दुसऱ्या तासालाच माना टाकणाऱ्या मुली दरवर्षी असतात. त्यांना आळशी म्हणणे सोपे आहे. त्यांच्या घरी शेवटी जेवणारे कोण, आणि शेवटच्या ताटात गोश्त, डाळ, भाजी किती उरते, हे विचारणे कठीण आहे.

आता दुसऱ्या टोकाकडे पाहा. मोठ्या शहरांतल्या दुकानांत बिडाच्या कढया काचेच्या मांडणीवर विराजमान झाल्या आहेत. त्यांच्यावर ‘वारसा’ अशी चिठ्ठी आहे आणि किंमतही तशीच आहे. डार्बीने जे भांडे पितळ न परवडणाऱ्यांसाठी ओतले, ते तीनशे वर्षांनी जर्मलच्या भांड्यावर भागवणाऱ्यांना परवडेनासे झाले. ज्या घरात रक्त कमी आहे, तेथून लोखंड गेले. ज्या घरात डॉक्टर, फळे आणि गोळ्या सगळे आहे, तेथे ते शोभेने परत आले.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. लोखंड घरात परत यावे, पण त्याचा हिशेब मांडून यावे. देगेएवढी अवजड बिडाची कढई बाईच्या माथी मारू नये. आठवडी बाजारात आजही लोहाराच्या हातची हलकी घडीव कढई मिळते. लोह तिच्यातूनही उतरते आणि ती पडली तरी फुटत नाही. तिच्यात डाळ, पालेभाजी, टोमॅटोचा रस्सा शिजवावा आणि शिजताच दुसऱ्या भांड्यात काढून ठेवावा. कोकम-चिंचेला स्टील किंवा मातीचे भांडे वापरावे. घरात थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर हा बेतच करू नये. शाळेतली निळी गोळी बंद करू नये. कढई तिची जागा घेऊ शकत नाही. आणि कढई पुरुषांनीही उचलावी, घासावी, तेल लावून ठेवावी. देग चढवताना ज्यांची मनगटे थकत नाहीत, त्यांना कढई जड होण्याचे कारण नाही.

कुरआन शरीफात सांगितले आहे की अल्लाहने हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी लोखंड मऊ केले. पैगंबर आणि राजा असूनही ते आपल्या हातांनी चिलखते घडवीत. लोखंडाला हात लावण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. पुढच्या वर्षी मुलांना हिंदी पोलादाची कीर्ती शिकवताना आम्ही तलवारीबरोबर तव्याचेही चित्र फळ्यावर काढणार आहोत. तवा काढायला सोपा आहे, आणि तो वर्गातल्या प्रत्येक मुलीच्या घरी आहे.